ब्रेकच्या नटावरची नेलपॉलिश

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, शाळेतल्या शिपायाची किरकोळ रजा, सगळ्यांकडं मी आधी वाकडं बघते, मग सरळ. मुदखेडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी लई वर्षं झाली शिकवते. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरांपैकी खरंच कुणाचं दुखतंय, हे मला वर्गाच्या दारातूनच कळतं. नवरा म्हणतो, तुला मास्तरीण कुणी केलं, फौजदार करायला पाहिजे होतं. म्हणू दे. आमच्या घरात आजवर जे काही फसलं ते त्याच्या विश्वासानं फसलं, असं माझं ठाम मत होतं.

दहावी झाल्यावर पोरीनं लातूरचा हट्ट धरला. डॉक्टर व्हायचं, तर लातूरच. आता नांदेडात क्लास नाहीत का? आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दोन आहेत. पण नाही, तिला लातूरच पाहिजे. ही अभ्यासासाठी लातूरला चालली की माझ्यापासून लांब चालली, असा मला तेव्हाच वास आला होता. बाप विरघळला, मग मी एकटी किती दिवस दार धरून बसणार? शेवटी मी एकच अट घातली. एक जरी गडबड माझ्या कानावर आली, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची आणि नांदेडला यायचं, पुन्हा लातूरचं नाव काढायचं नाही. ती "हाव" म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला तिथंही शंका आली.

खोली मी स्वतः फिरून शोधली. क्लासपासून अडीच किलोमीटर लांब, पण घरमालकीण माझ्यासारखीच निघाली. जिन्यावर अनोळखी चप्पल दिसली तरी वरपर्यंत जाऊन येणारी. आता प्रश्न राहिला जाण्यायेण्याचा. ऑटोवाल्यावर माझा भरवसा नाही आणि स्कुटीचं अजून वय नाही. मग सायकल.

सायकल नांदेडातूनच घ्यायची ठरली, कारण लातूरचे दुकानदार मला माहीत नाहीत आणि नांदेडचे पुरते माहीत आहेत. दुकानदारानं पहिल्याच झटक्यात जाड टायरची, गिअरची, रंगीबेरंगी सायकल पुढं ओढली. "मॅडम, आता पोरी हीच नेतात." म्हणजे हाच माल त्याच्याकडं पडून आहे, हे मी ओळखलं. मडगार्ड कुठंय विचारलं तर म्हणाला, फॅशनच तशी आहे. पाठीवर चिखलाची रेघ घेऊन पोरगी क्लासात बसणार, ही कसली फॅशन? कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, स्टँड एका पायाचं. ओढणी चेनमध्ये गेली तर सोडवायला हा येणार आहे का लातूरला?

"साधी दाखवा," म्हटलं. मग आतून एक निघाली. मधली दांडी खाली वाकलेली, पुढं जाळीची टोपली, मागं दणकट कॅरियर, चेन अख्खी झाकलेली, स्टँड दोन पायांचं. टायर फार बारीक नाही, फार जाड नाही. मी पोरीला सीटवर बसवलं आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का बघितलं. चाकं उचलून फिरवली, रिम डुलते का बघितली. नटांवर नख फिरवलं, आधी पान्हा लागलेला आहे का म्हणून. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीन आहे." मी म्हटलं, असेल, पण माझं नख काही झिजत नाही.

खोटं कशाला बोलू, मला खरं तर सळईच्या ब्रेकची सायकल पाहिजे होती. आमच्या वडिलांची तसली होती. सळई डोळ्यांना दिसते. वाकली तर कळतं, सुटली तर कळतं. या नव्या ब्रेकला तार असते आणि ती तार काळ्या कव्हराच्या आत. जे झाकलेलं असतं त्यात काहीतरी असतंच, हा माझा अनुभव आहे. पण सळईवाली फक्त मोठ्या, पुरुषांच्या सायकलीत येते म्हणाला. मी दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन विचारून आले, तर तो खरं बोलत होता. मग हीच घेतली. पोरीला रंग आवडला का, हे विचारायचं राहूनच गेलं.

सायकल ओळखीच्या टेम्पोतून लातूरला गेली. मी पण त्याच टेम्पोत बसून गेले. ड्रायव्हरनं वाटेत सायकलीवर पोती टाकली असती तर? अहमदपूरला तो चहाला उतरला, तेव्हाही मी खाली उतरले नाही.

लातूरला पोचल्यावर मी एकदा पोरीच्या रस्त्यानं पायी जाऊन आले. खोलीपासून थोडं पुढं गेलं की एक पूल, पुलाचा लांबलचक उतार, आणि उतार जिथं संपतो तिथंच चौक. चौकात टमटम, टँकर, ट्रक, सगळे आपापल्या मर्जीनं वळतात. पोरीनं रोज दोनदा तो उतार उतरायचा, आणि मधे काय? तर झाकलेली एक तार. त्या दिवशीच मी ठरवलं, दर पंधरा दिवसांनी रविवारी यायचं आणि ब्रेक आपल्या हातानं बघायचे.

तसं केलंही. रविवारी सकाळची पहिली एसटी, पर्समध्ये पान्हा, आणि एका औषधाच्या बाटलीत करडईचं तेल. दुकानातल्या डबीतल्या मशीनच्या तेलावर माझा विश्वास नाही. गाडीचं जळकं तेल गाळून भरतात, वरून वास घालतात. करडई आमच्या माहेरची, बिलोलीकडची, आणि तेल मी घाण्यावर स्वतः उभी राहून काढून घेते. वडील दाराच्या बिजागरीला, कुलपाला, आईच्या शिलाई मशीनला हेच तेल घालायचे. मशीन पुढं जाम झाली, पण ती आईनं नीट वापरली नाही म्हणून, असं वडील म्हणत.

खोलीच्या दारात पाट टाकून मी बसायची. पान्ह्यानं नट ढिला करायचा, लिव्हरकडचं टोक सोडवायचं, कव्हराचं तोंड वर धरायचं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब तेल आत सोडायचं, खालच्या टोकाला दिसेपर्यंत. मग तार ओढून परत आवळायची. लिव्हर दाबल्यावर मुठीपासून दोन बोटं अलीकडं थांबलं पाहिजे, हा हिशोब मला वडिलांनी शिकवलेला. पोरगी शेजारी पुस्तक घेऊन बसायची आणि मधूनच म्हणायची, "मम्मी, एवढं तेल लागतं का?" मी म्हणायची, तू तुझी पानं वाच.

जुलैत सगळं मऊ चाललं. ऑगस्टमध्ये लिव्हर जड लागायला लागलं. दाबलं की जायचं, पण परत यायला आळस करायचं. मी लगेच ओळखलं की कुणीतरी सायकल वापरतंय. घरमालकिणीचा पुतण्या दोनदा अंगणात दिसला होता. खोलीतली दुसरी पोरगी गोड बोलायची, गोड बोलणारं माणूस मला आधीच चालत नाही. आणि चौकाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या टपरीत एक सायकलचा मिस्त्री बसायचा, चष्मा दोरीनं बांधलेला. मी सायकल ढकलत जाताना तो ब्रेककडं टक लावून बघायचा. याला गिऱ्हाईक पाहिजे असणार, म्हणून हाच तार ढिली करत असेल. पोरीला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत." ते म्हणताना तिनं मान वर केली नाही.

मी दुप्पट तेल घातलं. शिवाय आणखी एक गोष्ट केली. दोन्ही ब्रेकांना, तार आवळायच्या नटावर आणि खालच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एकेक लाल रेघ ओढली. नट कुणी एवढासा जरी फिरवला, तरी रेघ तुटणार. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, आता बोटांचे ठसे पण घेऊन टाक. हसणाऱ्याचं काय जातंय?

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गेले. लिव्हर लोण्यासारखं. मी पोरीला म्हटलं, बघ, तेलाचा गुण. आणि वाकून नट बघितला तर रेघ तुटलेली. दुसऱ्या ब्रेकची पण. पोरीला सरळ विचारलं, कोण हात लावून राहिलं सायकलला? "कोणी नाही." रेघ कशी तुटली? "पावसानं गेली असेल." पावसानं नेलपॉलिश जाते, हे मला शाळेत शिकवणाऱ्या बाईला सांगते. मी वाद घातला नाही. परत तेल घातलं, परत रेघ ओढली, आणि पंधरा दिवसांनी परत तुटलेली सापडली. आता मला झोप लागेना. कुणाचा तरी हात त्या ब्रेकवर फिरतोय, आणि माझी पोरगी त्याच ब्रेकवर उतार उतरतेय. आणि तिला माहीत आहे कोण, तरी सांगत नाही. आईला यापेक्षा वाईट काय पाहिजे? बॅग भरायला लावायची, असं मी मनातून पक्कं केलं. फक्त चोर हातात सापडायचा बाकी होता.

ऑक्टोबरात एक रविवार असाच गेला, तेल झालं, रेघ झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी पोचले तेव्हा ऊन असं की डोकं फुटावं, आणि पोरीनं पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलेला. मी आधी सायकल गाठली. रेघ दोन्हीकडं शाबूत होती. केसभर सुद्धा हललेली नव्हती. मला बरं वाटलं, आणि लिव्हर दाबलं तर दगड. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा कुठं हललं, आणि गेलं ते तिथंच बसलं, परत येईना. म्हणजे कुणी हात लावला की ब्रेक चांगला, आणि नाही लावला की जाम. माझी सगळी मांडणीच कोसळली. पण राग कुठंतरी टाकायला पाहिजे ना. मी सायकल धरली आणि म्हटलं, चल त्या मिस्त्रीकडं, आज सोक्षमोक्ष.

"मम्मी, राहू दे," ती म्हणाली. "मी उद्या नेते."

उद्या म्हणाली की मला कळलं, काहीतरी आहे. मी थांबले नाही. वाटेत भाषण तयार करत गेले. टपरीपुढं सायकल स्टँडवर लावली, पदर खोचला आणि म्हटलं, "तुम्हीच का ते..."

म्हातारा माझ्याकडं बघतच नव्हता. तो माझ्या मागं उभ्या असलेल्या पोरीकडं बघून हसला. "आलीस व्हय पोरी. म्या आजच सकाळी आलो बघ गावाकडनं. सोयाबीन काढायला गेल्तो, पंधरा दिस टपरी बंद. तुझं तेल काढायचं राह्यलं न्हवं."

"कसलं तेल?" मी विचारलं.

मी कोण, हे त्याला काय ठाऊक. त्यानं भोळेपणानं सगळं सांगितलं. "आवो, हिच्या घरचं कुणीतरी हाय. दर पंधरा दिसांनी येतंय अन् ब्रेकच्या तारंत खायचं तेल वततंय. ही बिचारी सोमवारी येती, म्या तार वढतो, राकेलानं धुतो, बारीक तेलाचा येक थेंब घालतो. पुन्यांदा त्ये माणूस आलं की हायच. म्या किती येळा म्हनलं, त्यांना येकदा घिऊन ये हितं, म्या समजावतो. ही म्हनती, न्हाई काका, त्यांना न्हाई सांगता येत."

त्यानं पान्हा लावला, माझी लाल रेघ तोडली, आणि पकडीनं तार ओढायला लागला. तार येईना. जोर लावला तेव्हा चरचरत बाहेर आली, पिवळट, चिकट, गोंदात बुडवल्यासारखी. त्यानं ती नाकाशी धरली. "करडई," म्हणाला. "घाण्याची हाय, झकास हाय. पन बाई, ही भाकरीवर, ठेच्यावर घालावी. लोखंडावर ठिवली की वाळती अन् रोगणावानी चिकटून बसती."

हे मला माहीत नव्हतं का? आमच्या स्वयंपाकघरात तेलाची बरणी ज्या पत्र्यावर ठेवतो, तो पत्रा मी जन्मभर राख लावून खरवडत आले. तो पिवळा चिकट थर कशाचा, हे मी कुणाही नव्या सुनेला सांगितलं असतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं, तीन महिने मी पुतण्या, खोलीतली पोरगी, हा म्हातारा, सगळ्यांची झाडाझडती घेतली, आणि ब्रेक बिघडवत होते ती मी. मला लाज वाटली. सांगायला काय जातं, खरंच भर चौकात लाज वाटली.

"पोरी, चाक धर जरा," मिस्त्री म्हणाला. ती वाकली, हात पुढं केला आणि बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत खपली, अजून कडेनं लालसर. तिनं बाही ओढायला दुसरा हात नेला, पण तोवर मी तिचं मनगट धरलं होतं.

"कधी?"

"मागच्या मंगळवारी."

"कुठं?"

"उतारावर." मग तिनं सरळ सांगून टाकलं. काकांची टपरी बंद होती, ब्रेक दिवसेंदिवस जड होत गेला, ती पाय घासत उतरायची. त्या दिवशी समोर टँकर वळला, ब्रेक दाबला तर दाबलाच गेला नाही, तिनं सायकल कडेच्या कठड्याला घासवून पाडली. टँकरवाल्यानं गाडी थांबवली, उतरून पाणी पाजलं.

"मला फोन का नाही केलास?"

"पडले ना, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात हेच आलं, की रविवारी तू येणार. तोवर हे भरून आलं पाहिजे."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि चिंधीनं तार पुसत बसला. मला बोलायचं होतं, पण जिभेवर जो प्रश्न आला होता तो होता, सोबत कोण होतं. तो मी गिळला. देवाशपथ सांगते, गिळायला लई जड गेला.

"तेल घालू नको म्हणून सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, हे तुला कोणी शिकवलं. मग काकांशी भांडली असतीस. मग अट." ती माझ्याकडं बघत होती, रडत नव्हती. "बॅग भरू का?"

"गप बस," मी म्हटलं. "उद्या टेस्ट आहे ना तुझी? मग बॅग कसली भरतेस." आवाज जरा चढला, त्याला माझा इलाज नव्हता. मिस्त्रीनं नवी तार कव्हरात सरकवली, माझ्याकडं न बघताच बोलला, "बाई, दर म्हयन्याला म्या बघत जाईन. तुमी निस्तं भेटाया या पोरीला." मी हो म्हटलं. चार महिन्यांत मी एवढं सरळ हो कुणालाच म्हटलं नव्हतं. पोरीच्या खांद्यावरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. मला वाटलं, चला, इथून पुढं तरी आपलं नीट होईल.

"दवाखान्यात गेली होतीस का?" मी हळूच विचारलं. "धनुर्वाताचं इंजेक्शन?"

"हाव. त्याच दिवशी."

"खरंच?"

तिनं पाठीवरची सॅक पुढं घेतली, कंपासपेटी उघडली आणि चौकोनी घडी घातलेला दवाखान्याचा कागद काढून माझ्या हातात ठेवला. घडीच्या कडा मळल्या होत्या. त्या दिवसापासून तो तिथंच असणार. मी तो मागितला नव्हता. मी मागणार, हे तिला माहीत होतं. कागद तसाच परत द्यावा, हे मला कळत होतं, आणि मी तो उलगडून तारीख वाचली.